पाटीवरचं काम

घरमालक काका गेले त्या दुपारी पेपरात द्यायच्या चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजात इतिहास शिकवते, त्यामुळे मला लिहिता येतं अशी आमच्या बोळाची समजूत आहे. काकू चटईवर बसल्या होत्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, नुसतं निवृत्त कारकून लिवू नका. सूत तपासणीत होते, ते लिवा. पैलं ते लिवा."

मी लिहिलं, 'सूत तपासणी केंद्राचे माजी कर्मचारी.' दुसऱ्या दिवशी फोटोखाली तसं छापून आलं. फोटो बरोबर, नाव बरोबर, वेळ बरोबर, आणि ती एक ओळ खोटी. अर्धी खोटी म्हणा हवं तर. छापलेल्या कागदावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, असं मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आले, आणि असला एक कागद शेवटी मीच तयार करून ठेवला. त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटून घ्यायलाही अंगात त्राण लागतं, आणि आठवड्यातले तीन दिवस मोडनिंबला आणि तीन दिवस सोलापुरात तासिका तत्त्वावर घसा कोरडा करणाऱ्या बाईकडे ते फारसं उरत नाही.

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांना आवडलं नसतं. नाव ही चीज त्यांना चालायचीच नाही. अकरा वर्षं मी त्यांच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिले, पण त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. मी 'वरचा मजला'. संध्याकाळी एसटीतून उतरून, धुळीनं माखून जिन्यापाशी आले की आतून आवाज यायचा, "वरचा मजला आला का?" किराणावाला म्हणजे 'कोपरा'. डॉक्टर म्हणजे 'गोळ्या'. आणि काकू म्हणजे 'हेडऑफिस'. हेडऑफिसला ते नाव माहीत नव्हतं. नशीब त्यांचं.

आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ते कधी येणार हे काकांना कुठून तरी आधी कळायचं. मग ते ओरडायचे नाहीत. नाण्यानं पाइपवर तीनदा टकटक करायचे, की मी बादल्या घेऊन खाली धावायचं. एकदा वैतागून मी म्हटलं, "काका, पाणी आलं म्हणून सरळ हाक मारली तर काय बिघडेल?"

"सगळ्या बोळाला कळंल की."

"पाणी सगळ्या बोळालाच येतं ना?"

काकांनी नाणं खिशात टाकलं. "तरीबी," म्हणाले.

घरात कागद टिकायचा नाही. लाइटचं बिल भरलं की चार तुकडे आणि बंबात. दुधाचा हिशोब, औषधाची चिठ्ठी, आलेलं पत्र, सगळं वाचायचं, पाठ करायचं आणि बंबात घालायचं. माढ्याच्या एका नातेवाइकाची लग्नपत्रिका त्यांनी अशीच पाठ करून जाळली, आणि दोघं नवराबायको नटून माढ्याला पोचले तर मांडवात भलतेच नवरा-नवरी. नातेवाइकाचं लग्न आदल्या दिवशीच उरकलेलं. "मग काय केलंत?" मी विचारलं. "जेवलो आन आलो," काका म्हणाले, "बुंदी चांगली हुती." काकूंनी मात्र हात कपाळावर मारला. मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, माणसानं एवढंही हुशार असू नये."

त्यांना सांगा. काकू त्यांच्याशी अशाच बोलायच्या. समोर बसलेल्या माणसाशी तिसऱ्याच्या तोंडून. मी नसले तर म्हणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून बोलायच्या. चहा द्यायच्या, भाकरी वाढायच्या, आजारपणात उशाशी बसायच्या, पण तोंडानं थेट एक शब्द नाही. मला आधी वाटलं, जुन्या वळणाच्या आहेत. मैंदर्गीच्या, कानडी घरातल्या, नवऱ्याचा मान ठेवत असतील. कसला मान! ते वेगळंच दुखणं होतं, आणि ते कळायला मला वर्ष लागलं.

काकांची आणखी एक खोड. समोरच्याच्या अंगावरचा कपडा बघितला की त्यांच्या हाताला चळ लागायचा. "ओढणीचं टोक द्या जरा," म्हणायचे. अंगठा आणि बोटात ते टोक चोळायचे, धागा सुटला असेल तर उजेडात धरून त्याचा पीळ बघायचे आणि निकाल द्यायचे. "रंग जातोय. दुकानदारानं फसवलं तुमाला." दरवेळी बरोबर निघायचं. माझ्या तीन ओढण्या पहिल्या धुण्यातच गेल्या. एका सरकारी खात्यात जन्मभर आवक-जावक केलेल्या माणसाला सुताचं एवढं कसं कळतं, हे विचारलं की ते आजूबाजूला बघायचे. "सांगतो. रविवारी सांगतो."

आणि मग एका रविवारी ते लांबट जाड वही घेऊन वर आले. पलंगाच्या कडेवर बसले. आवाज खाली आणून म्हणाले, "तुमी इतिहासाच्या. हितं एक कचेरी हुती. तिचा इतिहास लिवतोय. तुमी बघून द्यायचा."

मी वही उघडली. सुंदर अक्षर, एकही खाडाखोड नाही. 'नंबर दोन यांनी नंबर तीन यांस सदर बाब कळविली. नंबर तीन यांनी ती वर कळविली.' अशी चाळीस पानं. कोण, कुठं, कुठली बाब, काहीच नाही.

"काका, ह्यात कळत काहीच नाही."

"मग? गुपित हाय ते."

"गुपित आहे तर इतिहास कशाला लिहिताय?"

त्यावर ते असे काही दुखावल्यासारखे बघायला लागले की मीच चहा टाकायला उठले. त्यानंतर किती रविवार गेले! पोरांचे पेपर तपासत मी जांभया देत ऐकायची आणि ते सांगायचे. तुकड्या-तुकड्यानं जे हाती लागलं ते असं.

एकाहत्तरची लढाई संपली. लढाईत आपल्याला कुठल्या तरी बातम्या उशिरा कळल्या असं वरच्या कुणाला तरी वाटलं, आणि लोक काय बोलतात ते ऐकून वर कळवणारी एक छोटीशी गुप्त कचेरी निघाली. ती सोलापुरातच का, तर इथं एका गल्लीत मराठी, दुसरीत कानडी, तिसरीत तेलुगू आणि चौकात दखनी. माणसं पाच. बाहेरून आलेले एक साहेब, दोन भाषावाले, एक शिपाई, आणि कागद सांभाळायला काका. जेमतेम विशी ओलांडलेले, सहा महिन्यांपूर्वी लग्न झालेले. कचेरी थाटली पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून दारावर पाटी लावली, 'सूत तपासणी केंद्र'.

आता विणकरांच्या वस्तीत अशी पाटी लावल्यावर काय होणार? तिसऱ्याच दिवशी एक म्हातारा विणकर सुताची लडी घेऊन दारात उभा. हाकललं तर बोंब होणार. साहेब म्हणाले, बघितल्यासारखं करा. काकांनी बघितल्यासारखं केलं. पण काकांना कुठलंही काम 'केल्यासारखं' करता यायचं नाही, हाच त्यांचा रोग. त्यांनी तराजू आणला. धाग्याचा पीळ मोजायला शिकले. पाण्यात बुडवून रंग जातो का ते बघायला लागले. चिठ्ठी देऊ लागले, सही करून. महिन्याभरात दारात रांग लागली. भाषावाले दोघं बातम्या आणायचे सोडून लड्या तोलायला बसले, शिपाई रांग सांभाळू लागला, आणि साहेब 'वर' काय कळवायचं म्हणून डोकं धरून बसायचे.

"एक अहवाल मीच लिवला शेवटी," काका सांगायचे. "सूत खराब येतंय म्हणून लोक लई नाराज हायत. तेवढीच खरी बातमी आमी वर पाठवली."

मग दिल्लीहून एक अधिकारी साध्या कपड्यांत अचानक तपासणीला आला. शिपायानं त्याला रांगेत उभं केलं. दीड तासानं त्याचा नंबर आला. काकांनी मान वर न करता विचारलं, "तुमचं सूत?" तो म्हणाला, सूत नाही. काका म्हणाले, "मग टाइम कशाला खाताय? सूत घेऊन या. पुढचा."

महिन्याभरात कचेरी बंद. दीड वर्षाचा सगळा खेळ. पाच जणांना पाच वेगळ्या खात्यांत पांगवलं. जाताना हुकूम आला की कागद नष्ट करा. प्रत्येक कागदाची नोंद नष्ट वहीत करून, साक्षीदाराची सही घेऊन जाळायचा. काकांनी चार दिवस ते काम केलं. शेवटी ती नष्ट वहीच तेवढी उरली. तेव्हा त्यांनी वहीच्या शेवटच्या ओळीत 'सदर नोंदवही, एक नग' अशी नोंद केली, शिपायाची सही घेतली आणि वही आगीत टाकली. हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. मला हसू आवरायचं नाही.

पण एक दिवस हसू आटलं. त्या दिवशी काकूंनी त्यांची बाजू सांगितली. जोंधळे निवडत होत्या, वर मान न करता बोलत होत्या.

नवं लग्न. नवरा सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. कुठं जाता विचारलं तर म्हणायचा, टपालखात्यात लागलोय. एका उन्हाळ्यात घाईत डबा घरीच राहिला. काकूंनी तो तीन पुडांचा डबा उचलला आणि विचारत विचारत टपाल कचेरी गाठली. तेव्हा त्यांना मराठी धड यायचं नाही. खिडकीवरच्यानं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं म्हणजे जिवावर, तरी घेतलं. तो म्हणाला, असा माणूस इथं नाही. दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळे हसले. त्या भर उन्हात डबा घेऊन परत आल्या.

"संध्याकाळी आले, तर शर्टावर रंगीत दोरे," काकू म्हणाल्या. "रोजच असायचे. लाल, हिरवे. मी समजले काय समजायचं ते. पूर्व भागात मागावर बसणारी कोणतरी असंल."

त्या दिवसापासून डबा बंद. काका निवृत्त होईपर्यंत खानावळीत जेवले. कचेरी बंद झाल्यावर त्यांनी बायकोला खरं सांगितलं, की मी हेरखात्यात होतो. काकू म्हणाल्या, काल टपाल, आज हेर, उद्या राजा म्हणाल. तिथंच जे तोंड मिटलं ते मिटलं.

मी रात्रभर जागी-बिगी राहिले नाही, पण पुढच्या रविवारी काकांना धारेवर धरलं. "घरी टपाल सांगा असा हुकूम होता का?"

काकांनी वही मिटली. "न्हाय. साहेब म्हणाले हुते, पाटीवर हाय तेच घरी सांगा. बाकीच्यांनी सूतच सांगितलं. मला वाटलं, आणखी एक पडदा असलेला बरा. कुणी सांगितलं नव्हतं मला. माझंच डोस्कं." मग बराच वेळ ओढणीचं टोक मागितल्याशिवायच नुसती बोटं चोळत बसले. "तिला एकदा पटलं पायजे. मग मी मोकळा. म्हणून लिवतोय हे. छापून आलं की पटंल."

तेव्हा कुठं मला त्या चाळीस पानांचा अर्थ लागला. सगळं आयुष्य हा माणूस एका बाईसाठी पुरावा गोळा करत होता, आणि पुरावा त्यानं स्वतःच्या हातानं, नोंद करून, साक्षीदारासमक्ष जाळला होता. माझ्या डोळ्यात पाणी आलं. रागही आला. एवढा चोख माणूस असावा का कुणी!

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. चार महिन्यांनी उत्तर आलं की अशा कोणत्याही कचेरीची नोंद आढळून येत नाही. मी कागद घेऊन घाबरत खाली गेले. काकांनी दोनदा वाचला, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले, पावशेर पेढे आणले. "एक कागद सापडला न्हाय त्यांना! एक!" माझ्या हातावर पेढा ठेवत म्हणाले. "बघा कसं काम केलं ते."

काकूंनी पेढा घेतला नाही. कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला. "त्यांना सांगा," म्हणाल्या, "सरकारपण म्हणतंय की नव्हती." आणि आत गेल्या. काका हातात पेढ्यांचा पुडा धरून तसेच उभे राहिले.

त्याच आठवड्यात माझ्या डोक्यात आलं. मी म्हटलं, "काका, जाळलेलं सोडा. वाटलेलं कुठंय? त्या चिठ्ठ्या? सुताच्या?"

"त्या काय कामाच्या? त्या खोट्या हुत्या की. पाटीवरच्या."

"अहो, खोट्या असू द्या, सही तुमची खरी ना? कुणाकडं तरी असेल एखादी."

काकांनी मान हलवली. त्यांच्या लेखी तो कागदच नव्हता. आणि मी? मी शोधते म्हटलं, आणि शोधलं नाही. परीक्षा आल्या, मोडनिंबचे तास वाढले, मान धरली, एसटीचा संप झाला. दोन वर्षं. पूर्व भाग माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. ही दोन वर्षं माझ्या खात्यावर आहेत, ती कुणी पुसू शकत नाही.

शेवटी सापडली तीही मी शोधून नाही. कॉलेजात माझ्यासारखीच तासिकेवर शिकवणारी एक तेलुगू मैत्रीण आहे, पूर्व भागातच राहते. स्टाफरूममध्ये सहज तिला हे सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अगं, सासऱ्यांना विचारलं. म्हणतात, सूतवाला सायब? पीळ मोजणारा? त्याच्या चिठ्ठीवर आम्ही व्यापाऱ्याला खराब माल परत केला होता!" माग कधीच विकला गेला, पण म्हाताऱ्यानं ती चिठ्ठी पत्र्याच्या ट्रंकेत जपली होती. पिवळी पडलेली, चार घड्यांची. 'सूत वीस नंबर. पीळ कमी. रंग जातो. घेऊ नये.' खाली शेपटी काढलेली सही, अगदी भाडेपावतीवर असते तशीच. वर छापलेलं, 'सूत तपासणी केंद्र, सोलापूर'.

रविवारी सकाळी मी ती खाली नेली. काका बंबात लाकडं सारत होते, काकू ओट्यावर जोंधळे निवडत होत्या. काकांनी चिठ्ठी घेतली, कागदच बोटात चोळून बघितला. "ही व्हय," जरा नाराजीनंच म्हणाले. "ही तर पाटीवरची."

"काय हाय?" काकूंनी विचारलं. मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवत ठेवत, एकेक अक्षर जुळवत वाचलं. सहीवर बोट थांबलं. मग तारखेवर. तारीख त्याच उन्हाळ्यातली होती.

काकूंनी मान वर केली आणि सरळ नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही सूत बघत होता?"

मला नाही. कॅलेंडरलाही नाही. त्यांना. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा ऐकलं.

"ते दोरे शर्टावरचे... ते सुताचे?"

काकांनी तोंड उघडलं. पुढचं मला पाठ होतं. 'सूत वरवरचं, आतलं काम येगळंच हुतं,' हे वाक्य मी शंभर रविवार ऐकलं होतं. आता तर त्यांच्या बाजूनं पुरावाही होता. चिठ्ठी होती म्हणजे कचेरी होती. मी वाट बघत उभी राहिले. काका बायकोकडे बघत राहिले. तिचं बोट अजून तारखेवरच होतं.

"व्हय," काका म्हणाले. "सूतच बघत हुतो."

"मग ते हेराचं?"

"ते असंच. बढाई मारायला."

"आणि टपाल कशाला सांगितलं हो?"

"सुताला काय मान हुता तवा? तू नवीन आलेली. टपाल म्हटलं की जरा वजन पडतंय."

"अय्यो शिवने!" काकूंनी सुपावर हात आपटला. जोंधळे सगळ्या ओट्यावर उडाले. "एवढंच होतं? एवढंच होतं, तर सांगायचं की हो! येडा माणूस! एवढ्यासाठी मी..." हसत होत्या की रडत होत्या कळत नव्हतं. काका खाली बसून एकेक दाणा गोळा करायला लागले. मला तिथं उभं राहवेना, मी वर निघून आले आणि तोंडावर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी माझा मोडनिंबचा तास नव्हता. बाराच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. काका. अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि हातात तीन पुडांचा पितळी डबा, चिंचेनं घासून लख्ख केलेला.

"कुठं निघालात, काका?"

"कुटं जाणार? डबा दिलाय तिनं. म्हणाली, घेऊन जावा. मग कुटंतरी गेलं पायजे न्हवं? तुमच्या गच्चीत बसू का?"

गच्चीत पत्र्याच्या सावलीत त्यांनी डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्यानंतर पाच महिने, जाईपर्यंत, ते रोज बारा वाजता डबा घेऊन वर आले. पाचच महिने. मी दोन वर्षं आधी वीस मिनिटं चालले असते तर, हे मी रोज पाणी ठेवताना मोजायची.

पण त्या पहिल्या दिवशी मला वहीची आठवण झाली. म्हटलं, "काका, आता चिठ्ठी आहे. आता तुमचा इतिहास उभा राहतो. वही द्या, मी नीट लिहून काढते."

"वही न्हाय आता," काका म्हणाले. "सकाळीच बंबात घातली."

"जाळली? सगळी?"

"तिच्या हाती लागली तर? वाचता येतं तिला." त्यांनी भाकरी मोडली. मग जरा ओशाळून, कुणी ऐकत नाही ना बघून, माझ्याकडे वाकले. "नोंद केली न्हाय ह्या बारीला. साक्षीदार पण न्हाय."

आणि भाकरीचा अर्धा तुकडा चटणी लावून माझ्या हातावर ठेवला.